स्पीड अवेअरनेस कोर्सच्या ट्रेनरची तक्रार करायची आहे, कोणी केलीये का? (यूके)

तिखटमीठ
यूकेतल्या मंडळींना विचारायचंय. परवा शनिवारी ऑनलाइन स्पीड अवेअरनेस कोर्स केला आणि डोकं अजून तापलेलंच आहे. आधीच सांगून टाकते, ताशी ३० मैलांच्या रस्त्यावर ३७ ने होते, फोटो स्वच्छ आहे, त्यावर काही म्हणणं नाही. नोटीस आली, फॉर्म भरून पाठवला, दंड आणि लायसन्सवरच्या पेनल्टी पॉइंट्सऐवजी या कोर्सचा पर्याय आला तो घेतला, पैसे भरले. तक्रार आहे ती शिकवायला बसलेल्या माणसाबद्दल.

मेलमध्ये ठळक अक्षरात की पंधरा मिनिटं आधी लॉगिन करा, उशीर झाला तर आत घेणार नाही आणि पैसेही परत नाहीत. आम्ही दहाएक जण गुपचूप वेटिंग रूममध्ये बसलेलो. साहेब स्वतः सव्वानऊला उगवले. सॉरी वगैरे काही नाही, हातात टोस्ट. मग एकेकाचं लायसन्स कॅमेऱ्यासमोर तपासलं. माझं नाव मृण्मयी. इंग्रजांना जमत नाही हे मला माहितीये, मी दरवेळी हसून सोडून देते, ‘मिनू म्हणा’ असं स्वतःच सांगते. हा माणूस म्हणाला की मी प्रयत्नसुद्धा करणार नाही, तू आजच्यापुरती मिस एम. आणि पूर्ण सेशनभर ‘बघूया आपल्या मिस एमला काय वाटतं’ असं चालू. बाकी कोणाला असं टोपणनाव नव्हतं हे विशेष.

पण ते एकवेळ राहू दे. गटात एक टॅक्सी चालवणारे काका होते, बोलण्यावरून बहुतेक पंजाबी, इंग्लिश जरा अडखळत. त्यांना विचारलं की ड्युअल कॅरेजवेवर (मधे दुभाजक असलेल्या रस्त्यावर) नॅशनल स्पीड लिमिट किती, ते म्हणाले साठ. चुकलं, कारसाठी सत्तर असतं, ठीक आहे, शिकायलाच आलोय ना. तर हा म्हणतो, लायसन्स काय कॉर्नफ्लेक्सच्या डब्यात मिळालं का? दोघंतिघं हसले. काका त्यानंतर तोंड उघडेनात, आणि मग अर्ध्या तासाने हाच त्यांना दम देतोय की तुम्ही भाग घेत नाही, मी तुम्हाला ‘पूर्ण केलं नाही’ असं मार्क करू शकतो!

मधे त्याचा फोन वाजला तो त्याने घेतला, आमचे फोन मात्र दुसऱ्या खोलीत ठेवायला लावलेले. शिवाय मोटरवेवर उशीर झाला असला की मी पंच्याऐंशीने जातो, कॅमेरे कुठे आहेत ते मला ठाऊक आहे, असं अभिमानाने सांगून झालं. लोका सांगे ब्रह्मज्ञान. अडीच-पावणेतीन तासांचा कोर्स, त्यातला शेवटचा भाग, जिथे आपण आपला प्लॅन लिहायचा असतो तो, ‘तुम्ही मोठी माणसं आहात, घरी करा’ म्हणून गुंडाळला आणि बराच आधी बंद.

तक्रार कुठे करतात? पोलिसांकडे की कोर्सवाल्या कंपनीकडे? आणि तक्रार केली म्हणून माझा कोर्स रद्द होऊन परत पॉइंट्स लागतील का? नवरा म्हणतोय गप्प बस.

पिनरचा_पुणेकर
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुम्ही कायदा मोडलात, तुम्हाला शिक्षेऐवजी सवलत मिळाली. सवलतीत सर्व्हिस कशी होती याचं रिव्ह्यू कोण देतं? एवढंच होतं तर शंभर पौंड आणि तीन पॉइंट्स घ्यायचे होते, कोणी टोस्ट खाताना दिसला नसता. मीही केलाय हा कोर्स, ट्रेनर कंटाळवाणा होता, मी मान डोलावली, संपलं.

तिखटमीठ
राग नाही, पण सवलत फुकट नव्हती हो, दंडाएवढेच पैसे घेतलेत. आणि शिक्षा म्हणून अपमान करायचा असेल तर तसं नोटिशीत लिहा ना, वेग इतका, अपमान इतका. मला कंटाळवाणा चालला असता. काकांचं काय चुकलं होतं?

चहाबाज
तक्रार पोलिसांकडे नाही. आधी ज्या कंपनीने कोर्स घेतला त्यांच्याकडे लेखी करा, प्रत्येकाची तक्रारीची पद्धत वेबसाइटवर असते. त्यांच्या उत्तराने समाधान नाही झालं तर पुढे यूकेरोएड. या संस्थेकडे ही कोर्सांची योजना आहे, एनडॉर्स म्हणतात ती. कंपन्या वेगवेगळ्या असल्या तरी कोर्सचा मजकूर तोच असतो आणि ट्रेनरला लायसन्सही यूकेरोएडचंच लागतं. म्हणून त्यांच्यापर्यंत गेलेली तक्रार पाण्यात जात नाही, निदान जायला नको.

पॉइंट्सची भीती सोडा. तुम्ही शेवटपर्यंत होता आणि पूर्ण झाल्याचा मेल आला असेल तर विषय बंद. आला नसेल तर आधी तो मिळवा, तक्रार नंतर. कारण पूर्ण न झाल्याची नोंद गेली तर प्रकरण पोलिसांकडे परत जातं, आणि गुन्ह्याच्या तारखेपासून सहा महिन्यांत ते कोर्टात नेऊ शकतात. क्रम महत्त्वाचा आहे.

आणि लिहिताना ‘उद्धट होता’ असं लिहू नका, त्याला उत्तर ‘तुमचा तसा समज झाल्याबद्दल खेद आहे’ असं साच्यातलं येतं. किती वाजता आला, कुठलं वाक्य बोलला, कुणाला बोलला, किती वाजता बंद केलं, एवढंच लिहा. विशेषणं एकही नको.

तिखटमीठ
पूर्ण झाल्याचा मेल आलाय, सोमवारीच. धन्यवाद चहाबाज, हे नवऱ्याला वाचून दाखवलं.

स्लोमधली_सून
मला एक कळत नाही, लोक म्हणतात तीन पॉइंट्स घ्या नाहीतर कोर्स घ्या, जणू आपल्याला चॉइस आहे. माझं सांगते. मी नाशिकला बारा-तेरा वर्षं गाडी चालवली, इथे आले, इंडियन लायसन्सवर वर्षभरच चालवता येतं, आणि ऑस्ट्रेलिया-जपानवाल्यांसारखं बदलून मिळत नाही, त्यामुळे नव्याने थिअरी, नव्याने टेस्ट. पास झाले. आता कायद्याच्या नजरेत मी अठरा वर्षांच्या पोरासारखी नवशिकी, दोन वर्षांत सहा पॉइंट्स झाले की लायसन्स रद्द आणि परत प्रोव्हिजनल म्हणजे शिकाऊ लायसन्सपासून सुरुवात. म्हणजे दोन कॅमेरे की खेळ खलास. अशा माणसाला तुम्ही कोर्स ऑफर केला तर तो तिथे काहीही ऐकून घेणार, तोंडातून ब्र काढणार नाही. ट्रेनरला हे बरोब्बर माहीत असतं. मी पण ऐकून घेतलंय. मला एकाने विचारलं होतं की तुमच्याकडे रस्त्यावर गाई असताना स्पीड कसा पकडता. हसले मी. काय करणार.

पिनरचा_पुणेकर
गाईंचा जोक फार जुना आहे, मलाही ऑफिसात दर दोन महिन्यांनी कोणीतरी नवीन म्हणून सांगतं 😄

कार्डिफचा_कोकण्या
तिखटमीठ, एक विचारू का, त्याने स्ट्रीट लाइटचा नियम कसा सांगितला?

मी विचारतोय कारण आमच्या वेळच्या ट्रेनरनी तो चक्क चुकीचा सांगितला होता. रस्त्याला दिव्यांचे खांब आहेत आणि वेगळा बोर्ड नाही म्हणजे ३०, हे त्यांचं लाडकं वाक्य, आणि इंग्लंडात ते बरोबरच आहे. पण वेल्समध्ये १७ सप्टेंबर २०२३ पासून तेच २० झालंय. गटात मी एकटाच वेल्सवाला, मी नम्रपणे म्हणलं की सर आमच्याकडे वीस आहे. तर म्हणे कोर्स नॅशनल आहे, तुमच्या राजकारणात मला पडायचं नाही, आणि त्यानंतर पाच मिनिटं वीसच्या लिमिटवर स्वतःच राजकीय भाषण ठोकलं की कसा मूर्खपणा आहे आणि कोण पाळतंय. अरे बाबा तू स्पीड अवेअरनेसचा मास्तर आहेस! ज्यांना वीसमध्ये पंचविसाने जाताना पकडलंय ते समोर बसलेत, त्यांना तू सांगतोयस की हे लिमिट मूर्खपणाचं आहे. तोंडावर बोलणं लागतं, पण चुकीची माहिती देऊन लोकांना परत रस्त्यावर सोडणं त्याहून वाईट असं माझं मत. मी तक्रार केली नाही, आळस.

तिखटमीठ
३० असंच म्हणाला, वेल्सचं नावसुद्धा नाही. बरं झालं सांगितलंत, हा मुद्दा घालते. आम्ही उन्हाळ्यात वेल्समधल्या टेन्बीला गेलो होतो, बापरे.

हिरवा_बॅज
मी एडीआय आहे, म्हणजे काचेवर हिरवा अष्टकोनी बॅज लावून गाडी चालवायला शिकवतो तो, आणि काही वर्षं हे कोर्सही घेतले आहेत. दुसरी बाजू सांगतो, पण त्या माणसाची बाजू घेत नाहीये, त्याला बाजूच नाही.

हे कोर्स लेक्चर म्हणून बनवलेलेच नाहीत. ट्रेनिंगमध्ये डोक्यात ठोकून बसवतात की तुम्ही मास्तर नाही, समोरचा गुन्हेगार नाही, त्याला बोलतं करा, त्याच्याच तोंडून कारण येऊ दे की तो वेगात का होता. उशीर, मागचा गाडीवाला चिकटला, लक्ष नव्हतं, लिमिट कळलं नाही. कारण बाहेर आलं की मग त्यावर काय करता येईल ते. म्हणून शेवटचा प्लॅनचा भाग हाच खरं तर कोर्सचा गाभा, बाकी थांबायची अंतरं वगैरे पुस्तकात पण आहेत. तो भाग गाळला असेल तर तक्रारीत सगळ्यात वर तेच टाका, टोस्ट खाली टाका. टोस्टवर ऑफिसवाले हसतील, गाळलेल्या भागावर हसणार नाहीत.

दुसरं, काकांना दिलेली धमकी. भाग घेतला नाही तर पूर्ण धरत नाहीत हे खरंय, पण परीक्षा नसते, उत्तर चुकलं म्हणून कोणी नापास होत नाही. आधी अपमान करून माणूस गप्प करायचा आणि मग गप्प आहे म्हणून धाक दाखवायचा, हे मी मॉनिटरिंगला बसलो असतो तर तिथल्या तिथे लिहिलं असतं. हो, मॉनिटरिंग असतं, मधूनमधून कोणीतरी येऊन बसतं. त्या दिवशी सगळे ट्रेनर देवमाणूस असतात.

आता आमचं रडगाणं. बरेचसे लोक फ्रीलान्स, सेशनप्रमाणे पैसे. शनिवारी लागोपाठ दोन सेशन, तेच जोक, त्याच स्लाइड, आणि समोर दहा चिडलेली माणसं. एकजण चालत्या गाडीतून लॉगिन झाला होता, पॅसेंजर सीटवर आहे म्हणाला, सीटबेल्ट उजव्या खांद्यावरून दिसत होता! काढावं लागलं. एक बाई कॅमेरा छताकडे करून भांडी घासत होत्या. एकाने मला पहिल्याच मिनिटाला सांगितलं की तू पोलिसांचा दलाल आहेस. हे सगळं पचवून शांत राहणं हेच काम आहे, जमत नसेल तर करू नये.

पिनरचा_पुणेकर
दलालवाला मी नव्हतो बरं का. पण मुद्दा चूक नाहीये त्याचा. फीमधला मोठा वाटा पोलिसांना खर्चापोटी जातो, वर्षाला दहा लाखांवर लोक हे कोर्स करतात, गुणाकार करा. धंदा आहे. आणि धंद्यात मास्तर स्वस्तातला मिळणारच.

हिरवा_बॅज
धंदा म्हणा हवं तर, पण उपयोग शून्य नाही. २०१८ साली इप्सॉस मोरीचा मोठा अभ्यास सरकारने प्रसिद्ध केला, त्यात कोर्स केलेले लोक दंड-पॉइंट्स घेतलेल्यांपेक्षा परत कमी पकडले गेले असं दिसलं. अपघात कमी झाले का हे मात्र त्यांना आकड्यात दाखवता आलं नाही, तेही त्यात लिहिलंय. म्हणजे काहीतरी होतं, चमत्कार नाही.

पिनरचा_पुणेकर
मान्य. तरी माझं म्हणणं राहतं की लोकांना गटात बसायचीच लाज वाटते, ट्रेनर निमित्त. आठवतंय ना सुएला ब्रेव्हरमन, २०२२ मध्ये ॲटर्नी जनरल असताना पकडल्या गेल्या, मग होम सेक्रेटरी झाल्यावर अधिकाऱ्यांना विचारलं की मला एकटीला कोर्स करता येईल का. पुढच्या वर्षी ते पेपरात आलं, केवढा गदारोळ, ऋषी सुनकना सल्लागाराला विचारून सांगावं लागलं की नियमभंग नाही. शेवटी बाईंनी पॉइंट्सच घेतले होते. होम सेक्रेटरीला जमलं नाही ते आपल्याला काय जमणार.

स्लोमधली_सून
त्यांना मिस बी म्हणाला असता का तो? प्रश्न एवढाच आहे.

कोल्हापुरी_भेळ
सगळे वाईट नसतात म्हणून लिहिते. कोविडच्या आधी मी हॉटेलच्या मीटिंग रूममध्ये जाऊन केला होता, चार तास, बिस्किटं आणि पांचट चहा. बाई होत्या, बहुतेक रिटायर पोलीस. पहिलंच वाक्य, आज इथे कोणाला यायचं नव्हतं, मलाही शनिवारी झोपायचं होतं, तर आपण हा वेळ वाया जाऊ देऊ नये. बस, सगळी खोली सैल झाली.

त्यांनी केलेला एक हिशेब मी आजतागायत विसरले नाहीये. ३० ने थांबायला २३ मीटर लागतात, ९ विचार करण्यात आणि १४ ब्रेकमध्ये, आणि ४० ने ३६, म्हणजे १२ आणि २४. हे हायवे कोडमध्ये, म्हणजे इथल्या वाहतूक नियमांच्या पुस्तकात आहे, सगळ्यांनी थिअरीसाठी पाठ केलेलं असतं. त्यांनी विचारलं, दोन गाड्या शेजारी शेजारी, एक तीसने एक चाळीसने, समोर पोरगं आलं, दोघांनी एकाच क्षणी पाहिलं. तीसवाली पोराच्या पुढ्यात येऊन थांबली. त्या जागी चाळीसवालीचा वेग किती असेल? सगळे म्हणाले दहा, कोणी बारा. कॅल्क्युलेटर दिला एका मुलाला. चाळीसवालीचे १२ मीटर विचारातच गेले, ब्रेक मारायला उरले फक्त ११, आणि तिला हवेत २४. उत्तर आलं जवळजवळ तीस! म्हणजे एक गाडी थांबलीये आणि दुसरी त्याच ठिकाणी तीसच्या वेगाने पोराला लागतेय. खोलीत कोणी बोलेना. बाईंनी एक शब्द उपदेश केला नाही, म्हणाल्या चहा घेऊया.

तेव्हापासून तीसच्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरला राहते, हेही त्यांनीच सांगितलेलं, चौथ्यात गाडी नकळत पळते. आता इलेक्ट्रिक आहे, गिअरच नाही, स्पीड लिमिटर लावते.

म्हणून तिखटमीठ, तक्रार कराच. तुम्हाला ही बाई मिळायला हवी होती.

तिखटमीठ
हे वाचून जास्त चिडचिड झाली. आमच्याकडे थांबायच्या अंतराची स्लाइड आली आणि ‘हे तुम्हाला माहीतच असेल’ म्हणून पुढे ढकलली.

वऱ्हाडी_ठेचा
मी नागपूरचा, यूकेशी संबंध नाही, मोठी बहीण लेस्टरला आहे म्हणून वाचतोय. आपल्याकडे ई-चलान मोबाइलवर येतं, लोक लोकअदालतीची वाट बघत बसतात, शिकणं-बिकणं काही नाही. समृद्धीवर मधे आरटीओवाल्यांनी जोरात येणाऱ्यांना एक्झिटला बाजूला घेऊन समुपदेशन चालू केलं होतं. माझा एक मित्र त्यात सापडला. १२० च्या रस्त्यावर त्याचा किती होता ते मी लिहित नाही 😂 त्याला बसवलं, व्हिडिओ दाखवला, फॉर्म भरून घेतला. म्हणे साहेब चांगले बोलले बा, चहा नाही पाजला पण. तर एवढं रामायण करण्यापेक्षा तुमचं ऑनलाइन बरं, घरी बसून.

चहाबाज
घरी बसून म्हणूनच प्रॉब्लेम आहे. हॉटेलात कसं, चहाच्या वेळी चार लोक एकमेकांना म्हणतात की काय माणूस आहे हा, धीर येतो. झूमवर प्रत्येकजण आपापल्या चौकोनात एकटा, म्यूटवर.

तिखटमीठ
बरोब्बर. संपल्यावर मला काकांना एक शब्द बोलायचं होतं, तर मीटिंग बंद. नाव-गाव काही माहीत नाही.

तक्रारीचा मसुदा केलाय. पहिला मुद्दा शेवटचा भाग घेतलाच नाही आणि किती वाजता बंद केलं. दुसरा काकांना काय बोलला ते त्याच्याच शब्दांत, आणि नंतरची धमकी. तिसरा स्वतः पंच्याऐंशीने जातो हे सांगणं. चौथा वेल्स. पाचवा उशीर आणि फोन. मिस एम घालू का? नवरा म्हणतो घालू नको, रेसचं कार्ड खेळतेय म्हणतील.

पिनरचा_पुणेकर
घाला.
(मीच लिहितोय हो, अकाउंट हॅक नाही झालं. बायकोने धागा वाचला, तिचं नाव ऐश्वर्या आहे, तिला ऑफिसात अॅश करून टाकलंय पंधरा वर्षं.)

हिरवा_बॅज
घाला, पण आरोप करू नका. ‘माझं नाव घ्यायचा प्रयत्नही करणार नाही असं ट्रेनर म्हणाले, बाकी सगळ्यांना नावाने बोलावलं.’ दोन वाक्यं, पूर्णविराम. निष्कर्ष वाचणाऱ्यालाच काढू दे. काकांच्या वतीने तक्रार करतेय असंही लिहू नका, ‘मी हे पाहिलं’ असं लिहा, नाहीतर म्हणतील ज्यांचा प्रश्न त्यांनी यावं.

स्लोमधली_सून
आणि पैसे परत मागू नकोस ग. पैसे मागितले की सगळी तक्रार पैशासाठी आहे असं होऊन बसतं.

कार्डिफचा_कोकण्या
पैसे का नको मागू? अर्धवट कोर्स घेतला ना त्यांनी? आमच्याकडे सुतारानं खिडकी अर्धी लावली तर आपण पूर्ण मजुरी देतो का?

चहाबाज
मागू शकता, पण मग ते म्हणतील ठीक आहे, कोर्स अपुरा झाला असं तुमचंच म्हणणं आहे तर परत बसा 😀 पूर्ण झाल्याची नोंद आहे ती राहू द्या. मी तरी पैशाला हात लावला नसता.

तिखटमीठ
पाठवली. पैसे मागितले नाहीत. कोकण्या, मनातून तुमचंच पटतंय.

तिखटमीठ
अपडेट. उत्तर आलं, त्यांनी वेबसाइटवर दिलेल्या मुदतीत आलं हे कबूल करायला हवं. लवकर बंद केल्याचं त्यांच्या लॉगमध्ये दिसलं, त्याबद्दल सरळ माफी मागितलीये, हे अपेक्षित नव्हतं. ट्रेनरच्या पुढच्या सेशनला निरीक्षक बसवणार म्हणे. वेल्सचं ‘नोंद घेतली’. बाकी काकांबद्दलच्या वाक्यावर लिहिलंय की ट्रेनरच्या आठवणीप्रमाणे तो हलकाफुलका विनोद होता आणि गटाने तो तसाच घेतला. गटाने! मी गटात होते ना?

नावाबद्दल एक ओळ नाही. आणि वर पत्राची सुरुवात ‘डिअर मिस्टर’.

स्लोमधली_सून
मिस्टर 🤦‍♀️

हिरवा_बॅज
निरीक्षक बसवणार हे लेखी आलंय, ते छोटं नाही. पण वर जा. यूकेरोएडला पाठवताना त्यांचं पत्र जोडा आणि फक्त दोनच गोष्टी विचारा, त्या वाक्याची चौकशी करताना ट्रेनरशिवाय आणखी कोणाला विचारलं का, आणि नावाच्या मुद्द्याला उत्तर का नाही. लांब लिहू नका.

पिनरचा_पुणेकर
सगळ्यांचे ईमेल त्यांच्याकडे आहेत, बुकिंग करतानाच घेतात. विचारायचं असतं तर दोन मिनिटांत विचारता आलं असतं.

तिखटमीठ
हेच वाक्य उचलते तुमचं. रविवारी पाठवते, या आठवड्यात शाळेच्या सुट्ट्या आहेत आणि घरात उच्छाद आहे.

नवखा_नॉर्थॅम्प्टन
मध्येच घुसतोय, सॉरी. सगळा धागा वाचला. माझा कोर्स गुरुवारी आहे आणि आता टेन्शन आलंय. तीन प्रश्न. फोनवरून केला तर चालतो का? मुलगी चार वर्षांची आहे, ती खोलीत आली तर काढतात का? आणि इन्शुरन्सला सांगावं लागतं का?

चहाबाज
बुकिंगच्या मेलमध्ये तुमच्या कंपनीचं काय म्हणणं आहे ते बघा, शक्यतो लॅपटॉप किंवा टॅबलेट घ्या, फोनच्या स्क्रीनवर स्लाइड वाचता येत नाहीत. बंद खोली, चार्जर लावलेला, लायसन्स हाताशी. इन्शुरन्सचं म्हणाल तर कोर्स म्हणजे शिक्षा झाली असं धरत नाहीत, लायसन्सवरही काही चढत नाही. पॉइंट्स घेतले असते तर एसपी३० या वेगाच्या गुन्ह्याच्या कोडने लायसन्सवर चार वर्षं दिसले असते. पण काही कंपन्या फॉर्ममध्ये कोर्स केला का असं थेट विचारतात. विचारलं तर खरं सांगा, खोटं बोललात आणि उद्या क्लेम आला तर भारी पडेल. नाही विचारलं तर आपणहून सांगत बसू नका.

हिरवा_बॅज
मुलगी एकदा डोकावली तर कोणी काढणार नाही, मांडीवर येऊन बसली तर ट्रेनर थांबायला सांगेल आणि ते योग्यच आहे. कोणाला तरी घरी बोलावून ठेवा. आणि तीन वर्षांत परत सापडलात तर दुसऱ्यांदा हा कोर्स मिळत नाही, हेही लक्षात असू द्या.

नवखा_नॉर्थॅम्प्टन
सासूबाईंना बोलावतो. ट्रेनर कसा निघाला ते इथे लिहीनच.

तिखटमीठ
वही-पेन घेऊन बसा, वेळा लिहून ठेवा. कधी सुरू झालं, कधी संपलं. मला दोन गोष्टी ईमेलच्या टायमिंगवरून शोधून काढाव्या लागल्या.